अकरा किलोमीटर

लाल गाडीच्या कंप्युटरला स्कॅनर लावला आणि पडद्यावर आकडा आला: कोड, म्हणजे कंप्युटरनं करून ठेवलेल्या दोषांच्या नोंदी, पुसल्यापासून ११ किलोमीटर. गाडीचे मालक माझ्या पाठीमागे उभे होते, गाडी घ्यायला आलेली मुलगी त्यांच्या शेजारी. मी दोघांच्या देखत म्हणालो, "इथे आणायच्या आधी हिचे कोड कुणीतरी पुसलेत." त्या सकाळचा निकाल या एका वाक्यावर लागला. तेच वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं काम जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देण्याचं. पैसे गाडी घेणारा देतो, आणि गाडी विकणारा आदल्या संध्याकाळी आणून सोडतो. आदल्या संध्याकाळी अशासाठी की मला इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं असतं. गरम इंजिन बरंच काही लपवतं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला टायमिंग चेनचा खडखडाट, सायलेन्सरमधून निघालेला निळसर धूर, आयडलिंगची धडधड, सगळं दहा सेकंदांत कळतं. छोट्या पण पळणाऱ्या गाड्या तपासायला असल्या की त्या सकाळी मी दुसरं काम घेत नाही. या गाड्यांना एक तर जिवापाड जपणारा मालक मिळतो, नाही तर पिळून काढणारा. धुऊन उभ्या केल्या की दोघांच्याही गाड्या सारख्याच दिसतात.

मुलगी नर्स, रात्रपाळीची. स्वतःच्या कमाईतली पहिलीच गाडी. दोन गाड्यांपर्यंत ती आली होती, दोघींची किंमत जवळपास सारखी. मी विचारलं, "ताई, गाडी नक्की कशासाठी?" ती म्हणाली, "काका, ड्यूटी संपवून सकाळी निघते तेव्हा रस्ता मोकळा असतो. वीस मिनिटांचा वळणावळणाचा रस्ता आहे. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं माझी असतात."

गाडी कशाला हवी ते इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटतं. बाकीचे शून्य ते शंभरला किती सेकंद लागतात ते विचारतात, आणि रोजच्या रस्त्यावर तो आकडा कुणाच्याच कामाचा नसतो.

लाल गाडी १.६ लिटर टर्बोची, म्हणजे इंजिनात दाबानं जादा हवा भरणारी, २०० अश्वशक्तीची, वजन १,३०० किलो. पांढरीत १.६ लिटरच, पण बिनटर्बोचं इंजिन, १३० अश्वशक्ती आणि वजन १,०५० किलो. टनामागे अश्वशक्तीचा हिशेब केला तर लाल १५४ वर जाते, पांढरी १२४ वर. तुलनेला मी नेहमी १९७६ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय धरतो: १.६ लिटर, ११० अश्वशक्ती, वजन साधारण ८१० किलो, म्हणजे टनामागे १३६. घरातल्या साध्या छोट्या गाडीत जोर घातला की काय होतं ते त्या गाडीनं जगाला दाखवलं. आमच्या दोन गाड्या तिच्या दोन्ही बाजूंना पडत होत्या. पण नुसत्या भागाकारातून कळत नाही ते असं, की १,३०० किलोची गाडी त्याच वेगावरून थांबवायची तर ब्रेकना जवळपास २४ टक्के जास्त ऊर्जा रिचवावी लागते, आणि वळणावर तेवढं जास्त वजन टायरना धरून ठेवावं लागतं. वजनाची किंमत प्रत्येक वळणावर मोजावी लागते.

आधी पांढरी घेतली. पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. उजव्या मागच्या बाजूला आकडा ३८० वर गेला, म्हणजे तिथे पुट्टी लावून रंग मारलेला. डिकीतलं कार्पेट उचललं. वेल्डिंगचे ठिपके कारखान्याचेच होते, पत्रा कुठे ओढलेला नव्हता. वरवरचा धक्का. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरला १२.५ ते १२.९ बार, अगदी सुरेख. मागचा एक शॉकअप गळत होता. दुसरा गियर थंडीत कुरकुरत पडत होता, सिंक्रोनायझर, म्हणजे गियर पडताना वेग जुळवून घेणारी कडी, झिजलेला. जोरात पळवलेल्या गाडीत बहुधा दुसऱ्याचाच सिंक्रो आधी जातो, कारण पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना फेऱ्यांमधला फरक मोठा असतो आणि चालवणाऱ्याला घाई असते. मालकानं हे दोन्ही दोष मी सांगायच्या आधीच सांगितले होते.

लाल गाडी मात्र नजर लागावी अशी. पत्रा सगळीकडे ११० ते १३०. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एकाच आठवड्यात बनलेले आणि सारखेच घासलेले. ताकदवान फ्रंट व्हील ड्राईव्ह गाडीत पुढचे टायर मागच्यांच्या मानानं भराभर जातात. चारही सारखे झिजलेत याचा अर्थ मालक वेळच्या वेळी पुढचे मागे, मागचे पुढे करत आला होता. एवढ्यावरून मला माणूस ओळखता यायला हवा होता.

बोनेटखाली दोन गोष्टी खटकल्या. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या नळीवर कारखान्याच्या स्प्रिंग क्लिपऐवजी स्क्रूचा क्लॅम्प होता. आणि ती नळी नवी होती. टर्बो गाडीत अशी खूण दिसली की माझ्या मनात रिमॅपचा संशय येतो. टर्बोचा दाब कंप्युटरमधून वाढवायचा, हवा तेवढा जोर काढायचा, आणि विकायच्या वेळी सगळं मूळपदावर आणून ठेवायचं. असली फसवणूक मी पुष्कळ पाहिली आहे.

मग स्कॅनर लावला. कोड एकही नाही. नवशिका इथेच खूश होतो. खरी गोष्ट पुढच्या पानावर असते. गाडीचा कंप्युटर स्वतःच्या चाचण्या घेत असतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफेची गळती. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, मग एका वेगानं सलग चालवणं, टाकीत ना फार कमी ना फार जास्त इंधन, असं सगळं जुळून यावं लागतं. लाल गाडीच्या बहुतेक चाचण्या अपूर्ण होत्या. इंधनाच्या मिश्रणाची कंप्युटरनं शिकलेली दुरुस्ती शून्यावर, म्हणजे तीही पुसली गेलेली. आणि ते ११ किलोमीटर. त्यांच्या घरापासून माझ्या दारापर्यंतचं अंतर तेवढंच होतं.

मी ते वाक्य बोललो. गृहस्थ म्हणाले, "अहो, काल बॅटरी बदलली मी." मी म्हणालो, "सगळे असंच म्हणतात."

बॅटरी खरंच नवी होती. मी ती पाहिलीही. बॅटरीची तार काढली तरी बऱ्याच गाड्यांत या चाचण्या पुसल्या जातात, हे मला पाठ आहे. पण बॅटरीचं निमित्त पुढे करणारे मला इतके भेटलेत की खरं बोलणाऱ्यासाठी माझ्याकडे जागाच उरली नव्हती. गृहस्थ पुढे काहीच बोलले नाहीत. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

मग दोन्ही गाड्या चालवल्या, आधी मी आणि मग ती. लाल गाडीचा पिकअप इंजिनाच्या मिनिटाला १,८०० फेऱ्यांवरच हातात येतो. दुसऱ्या गियरमध्ये पूर्ण दाबलं की स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेतं. आडवं बसवलेलं इंजिन आणि त्याच्या एका टोकाला गियरबॉक्स, त्यामुळे बहुतेक गाड्यांत दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात, आणि जोर वाढला की ती ओढ मनगटाला कळते. टायरची पकड ठरावीक असते. पुढची चाकं ओढण्यात जेवढी पकड खर्च करतील, तेवढी वळवायला कमी पडते. म्हणून १९९७ च्या पहिल्या होंडा सिव्हिक टाइप आरमध्ये १८५ अश्वशक्तीच्या जोडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल दिलं होतं, म्हणजे वळणात आतलं चाक नुसतंच फिरत राहत नाही. लाल गाडीत ते नव्हतं. वळणातून निघताना जरा लवकर दाबलं की आतलं चाक घसरायचं आणि कंप्युटर जोर कापायचा. तरीही गाडी विलक्षण होती. सरळ रस्त्यावर पाठ सीटला चिकटते तेव्हा तोंडून आवाज निघतोच.

पांढरी ४,००० फेऱ्यांपर्यंत साधीच. त्यानंतर तिचा सूर बदलतो आणि ती ७,००० पर्यंत धाप न लागता जाते. गियर आखूड, १५ इंची चाकं, टायरची भिंत जाड. पुढच्या टायरखालचा रस्ता कसा आहे ते स्टिअरिंगमधून नीट कळतं. लाल गाडीच्या १८ इंची चाकांवर आणि रुंद टायरवर ते कळेपर्यंत वेग बराच वाढलेला असतो. पांढऱ्या गाडीत कायद्यानं ठरवलेल्या वेगात राहूनही दोन गियर पुरते पिळता येतात, ब्रेक मारता येतो, वळणात गाडी कुठल्या चाकावर कलली ते जाणवतं. लाल गाडी तेवढ्या वेगात निम्मी झोपेत असते. वीस मिनिटांच्या वळणदार रस्त्यासाठी, पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्या माणसाला मी पांढरीच सांगेन. आजही सांगेन.

पण तिला हे सगळं मी सांगितलंच नाही. तिनं विचारलं, "काका, तुमच्या मुलीला घ्यायची असती तर?" मी म्हणालो, "पांढरी. तिचे दोष आपल्याला माहीत तरी आहेत." तिनं बाहेर भिंतीशी उभ्या असलेल्या गृहस्थांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. पांढरी घेतली ती तिच्या गुणांसाठी नाही. लाल गाडीचा मालक लबाड आहे, या माझ्या सुचवण्यावर घेतली.

तीन आठवड्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. वेळ ठरवलेली नव्हती. म्हणाले, "आता बघा. माझेच पैसे घ्या." स्कॅनर लावला. पुसल्यापासून ७४० किलोमीटर. सगळ्या चाचण्या पूर्ण. कोड नाही. मिश्रणाची दुरुस्ती दोन टक्क्यांच्या आत. रिमॅपची शंका म्हणून पूर्ण जोरात टर्बोचा दाब बघितला, तोही कारखान्याच्या आकड्यात. मग त्यांनी डिकीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत जुनी हवेची नळी, टोकाला चिरलेली, आणि तुटलेली स्प्रिंग क्लिप. "नळी फाटली होती, मीच बदलली. क्लिप मिळाली नाही म्हणून क्लॅम्प लावला. त्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. बॅटरी बदलली कारण ती सकाळी तुमच्यासमोर गाडी उचलेल की नाही याची मला धास्ती होती."

माझ्या स्कॅनरमध्ये आणखी एक पान आहे, कायमस्वरूपी कोडचं. नव्या गाड्यांपैकी अनेकींत ते असतं. तिथला कोड स्कॅनरनं पुसता येत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. दोष गेल्याची खात्री गाडीला स्वतःच्या चाचणीतून झाली की मगच तो आपोआप जातो. त्या सकाळी कुणी खराच दोष लपवायला कोड पुसले असते, तर त्या पानावर तो सापडायची चांगली शक्यता होती. मी ते पान उघडलंच नव्हतं. अकरा किलोमीटर दिसले आणि माझा तपास तिथेच संपला होता. पैसे मी घेतले नाहीत. माफी मागितली. ते "असू दे" म्हणाले, पण हात पुढे केला नाही. आठवड्याभरात गाडी विकली गेल्याचं कळलं.

दोन महिन्यांनी ती मुलगी मागचे शॉकअप बदलायला आली. मीटर पाहिला, २,४०० किलोमीटर वाढलेले. तिच्या ड्यूटीच्या येण्याजाण्याच्या हिशेबानं जास्तच होते. मी हातातला पाना खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं: ते ७४० किलोमीटर, नळी, न उघडलेलं पान. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. स्टिअरिंगवर अंगठा फिरवत बसली होती.

"म्हणजे ते काका खरं बोलत होते."

"हो."

"आणि लाल गाडी चांगली होती."

"हो."

बराच वेळ ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांचा नंबर माझ्याकडे अजून आहे. त्या दिवशी नाही म्हणताना मी त्यांना धड उत्तरही दिलं नव्हतं." मी काही बोललो नाही. ती उतरल्यावर लिफ्ट वर घेतली. मागून तिचा आवाज आला, दुसऱ्या गियरचं काम पुढच्या महिन्यात करूया का म्हणून विचारत होती.