चार पेन्सिल सेल आणि कंदील

परवा मानवतच्या घरी माळ्यावरून मामाचा टीआरएस-८० मॉडेल १०० हा छोटा कॉम्प्युटर खाली काढला. चार नवे पेन्सिल सेल घातले, उजवीकडचं बटण सरकवलं आणि पडदा त्याच क्षणी जागा झाला. मेनूत तीच नावं होती : बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम, अ‍ॅड्रेस, शेड्यूल.

१९८९ला मामाने तो अमेरिकेहून आणला, तेव्हा मी नववीत होते. मोठ्या वहीएवढा, दोन किलोच्याही आतला. जपानच्या क्योसेराने बनवलेला, रेडिओ शॅक या अमेरिकी दुकानसाखळीने १९८३पासून विकलेला. आतले प्रोग्राम बिल गेट्स आणि जुन सुझुकी यांच्या हातचे. फोनच्या तारेवरून मजकूर धाडणारा मोडेमही आतच होता. तिकडचे बातमीदार त्यावरून बातम्या धाडायचे. आमच्याकडे फोनच नव्हता.

पण लाईट गेली तरी तो चालायचा! सेलवर २० तास. आजी म्हणायची, "लाईट गेली तरी ह्याचं चालूच हाय की गं!" पडद्याला मात्र मागून उजेड नव्हता. आठ ओळी, ओळीत ४० अक्षरं, तीही राखाडी. मग मी कंदील डावीकडे ठेवायचे आणि बाजूची चकती बोटाने हळूहळू फिरवायचे. एका ठिकाणी अक्षरं एकदम काळी व्हायची. सेव्ह करायची भानगडच नव्हती. लिहिलेलं बंद केल्यावरही तसंच राहायचं. ज्या गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथे मला याहून मोठी सोय ठाऊक नाही.

तेव्हा कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेतच घालावा लागे. बाबा काट्यावरून पावत्या घेऊन यायचे. गाडीगाडीचं वजन आणि ग्रेडचा भाव टाकला की रक्कम यावी, असा प्रोग्राम मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. फाइलच्या नावाला सहाच अक्षरं चालायची. 'कापूस' इंग्रजी अक्षरांत पाचांत बसला.

पुढे मी शिकायला औरंगाबादला गेले. चार महिने कोणी सेल बदलले नाहीत, आतली छोटी बॅटरीही उतरली आणि दोन हंगामांचे हिशोब पुसले गेले. त्या दिवशी मी खूप रडले होते.

प्रोग्राम मात्र जुन्या वहीत उतरवलेला होता. परवा तो पुन्हा टाइप केला. तारीख घातली तर शतक चुकीचंच दिसतं, वर्षाआधीचे १९ रॉममध्येच, म्हणजे न बदलणाऱ्या मेमरीतच, कोरलेले आहेत. तसंच राहू दिलं. दोन गाड्यांचं वजन टाकलं, आकडा आला. बाबा चष्मा लावून वाकले आणि म्हणाले, "भाव कोणता धरलास, माय?"