लिंबची विहीर, नोंद ५: ३८ मिलिमीटर सापडले!

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली अष्टकोनी, पायऱ्यांची विहीर मोजून आम्ही तिघं संगणकावर (कॅडमध्ये) तिचे नकाशे काढतोय. गेल्या नोंदीत लिहिलं होतं की छेदातलं (विहीर उभी कापल्यासारखं चित्र) माप प्लॅनशी (वरून दिसणारा नकाशा) जुळत नाही. अष्टकोनाची एकच बाजू कधी बरोबर यायची, कधी ३८ मिमी जास्त. आम्ही टेपवर संशय घेतला, भर उन्हात दोन रविवार पुन्हा लिंबला गेलो, ओळंबा सोडून सगळ्या बाजू परत मोजल्या. वहीतले आकडे पहिल्यासारखेच आले. चूक एक्सरेफमध्ये होती, म्हणजे एका ड्रॉइंग फाइलमध्ये दुसरी फाइल जोडून दाखवण्यात.

तिघांची वाटणी अशी: ग्रिडची (सगळी चित्रं ज्यावर बसवायची त्या आधाररेघांची) फाइल माझी, प्लॅन कराडच्या मित्राचा, पायऱ्यांचा छेद सांगलीच्या ताईंचा. प्लॅनमध्ये ग्रिड अटॅच केलेलं होतं. ताईंनी छेदाच्या फाइलमध्ये प्लॅन अटॅच केला आणि सोयीसाठी ग्रिडही वेगळं जोडलं. अटॅच केलेली फाइल पुढच्या फाइलमध्ये आपल्या पोटातलं सगळं घेऊन येते, त्यामुळे ताईंच्याकडे ग्रिड दोनदा दिसत होतं. तेही एकावर एक चपखल नाही, ३८ मिमी सरकून. १:१०० च्या प्रिंटवर ते अंतर जेमतेम ०.४ मिमी भरतं. साताऱ्यात राजवाड्याजवळ काढलेल्या ए१ प्रिंटवर आम्हाला ती एकच जरा जाड रेघ वाटली! एंडपॉइंट स्नॅप (कर्सर रेघेच्या टोकाला आपोआप चिकटण्याची सोय) ज्या रेघेला लागेल तसं माप बदलायचं.

मंगळवारी रात्री ताईंनी सहज झूम केलं आणि फोन केला, "अरे, इथं रेघा दोन आहेत." मी लगेच प्लॅनमधलं ग्रिड ओव्हरले करायला सांगितलं. ओव्हरले फक्त त्याच फाइलपुरतं दिसतं, पुढे जात नाही. दुहेरी रेघ गेली, मी खूश.

अर्ध्या तासाने लक्षात आलं की रेघ गेली तरी प्लॅन अजून ३८ मिमी बाजूलाच बसलाय. ओव्हरलेने पुरावा तेवढा झाकला होता. प्लॅनची फाइल उघडून ग्रिडवर क्लिक केलं आणि प्रॉपर्टीजमध्ये इन्सर्शन पॉइंट (जोडलेली फाइल जिथे बसवली तो बिंदू) पाहिला: एक्स ३८.४१७, वाय -२.०६३. असले आकडे कुणी टाइप करत नाही. अटॅच करताना 'स्पेसिफाय ऑन-स्क्रीन'ची टिक तशीच राहिली होती आणि बिंदू माउसने ठेवला गेला. मित्राने ग्रिडसकट अख्खा प्लॅन मूव्ह करून ०,० वर (मूळ बिंदूवर) आणला आणि मगच ओव्हरले कायम ठेवलं. आता आठही बाजू वहीशी जुळतात. बुधवारी पहाटे दीड वाजता तो आकडा बघताना काय वाटलं ते सांगता येणार नाही.

यातून माझं मत पक्कं झालंय: दोघांपेक्षा जास्त माणसं काम करत असतील तर सगळं ओव्हरले, आणि जोडणी फक्त शेवटच्या शीटमध्ये (प्रिंट काढायच्या पानात). अटॅच राखून ठेवायचं ते जे त्या फाइलपासून वेगळं काढायचंच नाही त्याच्यासाठी, म्हणजे आमच्याकडे प्लॅनमधले शिल्पांचे तपशील. मित्राचं म्हणणं अजून उलट आहे, अटॅचमुळे एका फाइलीत सगळं मिळतं म्हणतो. पण मिळतं ते कुठून आलं हे कळायला हवं ना?

पाथ (जोडलेली फाइल कुठे आहे तो पत्ता) सगळे रिलेटिव्ह, म्हणजे जोडणाऱ्या फाइलच्या जागेपासून मोजलेले केलेत. माझ्याकडे फोल्डर डी ड्राइव्हवर, ताईंकडे जी वर, त्यामुळे फुल पाथ रोज 'नॉट फाउंड' दाखवायचे. फक्त सगळ्या फाइली एकाच ड्राइव्हवर, एकाच मुख्य फोल्डरच्या आत हव्यात. क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये फाइलचं लॉक (ती कुणीतरी उघडलीय ही खूण) वेळेवर पोचत नाही, म्हणून एका फाइलला एकच मालक.

टायटल ब्लॉकही (शीटवरची माहितीची चौकट) आता एक्सरेफ आहे. त्यात विहिरीच्या बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी १७१९ ते १७२४, असं दोन्ही लिहिलंय. शकाचेच आकडे इसवी म्हणून खूप ठिकाणी छापलेले दिसतात, आपल्या शीटवर तरी तसं नको.

मोजायला कोणता टेप वापरता असं विचारलं होतं: पोवई नाक्यावरून घेतलेला ३० मीटरचा फायबर टेपच चालू आहे. उन्हात लेझरचा ठिपका दिसतच नाही.

पुढच्या आठवड्यात विहिरीतल्या महालाची फाइल सुरू करणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं: प्रत्येक फाइलमध्ये ०,० वर प्रिंट न होणाऱ्या लेयरवर १० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढून ठेवायचं. शीटमध्ये सगळी वर्तुळं एकावर एक बसली पाहिजेत. एक जरी सरकलेलं दिसलं तर हात थांबवायचा. महाल थांबू दे, आज रात्री आधी सातही फाइलींत वर्तुळं घालतो.