मेटमधली ९०० वर्षं जुनी ग्रीक पोथी बघायला जाताय?

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये शिरलं की सगळे सरळ इजिप्तकडे पळतात आणि समोरच्या मोठ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या कलेची) दालनं आहेत ती राहूनच जातात. आम्ही बाबांना घेऊन मुद्दाम तिथल्या जहारिस लेक्शनरीसाठी, म्हणजे चर्चमध्ये वाचायच्या बायबलमधल्या उताऱ्यांच्या ग्रीक पोथीसाठी गेलो. साधारण इ.स. ११०० ची, कॉन्स्टँटिनोपलमध्ये म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, मेटने २००७ मध्ये घेतली.

बाबांना वाटलेलं, गुरुचरित्रासारखं पहिल्या अध्यायापासून क्रमाने वाचत जायचं असेल. तसं नाहीये. ह्यात शुभवर्तमानांतले (मत्तय, मार्क, लूक, योहान ह्या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतले) उतारे चर्चच्या वर्षाप्रमाणे लावतात, सुरुवात ईस्टरला आणि तीही योहानापासून, मग मत्तय, लूक, मार्क असं वर्ष पुढे सरकतं, आणि ठरलेल्या तारखांच्या सणांचा भाग वेगळा, तो १ सप्टेंबरला चालू होतो कारण बायझंटाईन लोकांचं नवीन वर्षच तेव्हा. म्हणजे त्या दिवसाचं पान उघडायचं आणि सगळ्यांसमोर सुरात म्हणायचं. अशा पुस्तकांत ओळींच्या वर-खाली बारीक खुणा पण असतात, आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचा ह्याच्या. मला तर पोथीतल्या सोन्याच्या कामापेक्षा ह्याच गोष्टी जास्त भारी वाटल्या.

आता कामाचं. ह्यात चारही शुभवर्तमानकारांची पानभर चित्रं आहेत पण काचेआड उघडी दोनच पानं दिसणार, आम्हाला नुसता मजकूर मिळाला. त्यामुळे म्युझियमच्या साइटवरचे फोटो घरीच बघून जा, आणि सध्या मांडलेली आहे का तेही तिथेच चेक करा, उजेडाने रंग खराब होतात म्हणून अशा वस्तू अधूनमधून आत ठेवतात. फ्लॅश अजिबात चालत नाही.

बुधवारी बंद. शुक्रवार-शनिवार रात्री ९ पर्यंत उघडं, संध्याकाळी गेलात तर बरं. तिकीट ३० डॉलर, ६५ च्या वरच्यांना २२, १२ च्या खालची मुलं फुकट. हवे तेवढे द्या ही सवलत न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना, आपल्या न्यू जर्सीवाल्यांत फक्त स्टुडंट्सना, तेव्हा काउंटरवर वाद घालू नका. न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन आणि तिथून एम४ बस, सबवेचे जिने वाचतात. त्याच तिकिटावर त्याच दिवशी क्लॉइस्टर्स (मेटचीच मध्ययुगीन कलेची दुसरी शाखा) पण होतं आणि हीच बस तिथवर जाते, पण वयस्कर मंडळी बरोबर असतील तर नका त्या भानगडीत पडू.