आमची वाटचाल : फोटोओळीतली नावं

शाळा आणि ग्रंथालयांसाठी भित्तिफलक छापणारा आमचा छोटा व्यवसाय. मी, माझी बहीण आणि दोन सहकारी. पहिली दोन वर्षं मिळेल ते काम घेतलं. वाट सापडली ती आमच्याच चुकीमुळे.

संगणकाच्या इतिहासावरच्या फलकात १९४६ सालच्या एनियाक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचं छायाचित्र होतं. फोटोओळीत यंत्राचं नाव, ते घडवणारे मॉकली आणि एकर्ट यांची नावं. यंत्रापुढे उभ्या असलेल्या दोघींबद्दल एक अक्षर नव्हतं. छायाचित्रासाठी उभ्या केलेल्या मॉडेल असतील, असं आम्ही गृहीत धरलं. छपाईनंतर बहिणीने शोध घेतला. त्या बेटी जेनिंग्ज आणि फ्रान बायलस. एनियाकच्या पहिल्या सहा प्रोग्रामरपैकी दोघी, आणि त्या सहाही जणी स्त्रिया. तेव्हा प्रोग्रामिंगची भाषाच नव्हती. आराखडे वाचून, तारा आणि स्विच जुळवून त्यांनी तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित यंत्रावर बसवलं होतं.

उरलेल्या प्रत्येक प्रतीवर आम्ही नावांची चिठ्ठी हाताने चिकटवली. विकल्या गेलेल्या प्रतींसाठी पोस्टाने पाठवली. तेव्हापासून विस्मरणात गेलेल्या स्त्रियांवरची फलकमाला हेच आमचं मुख्य काम झालं.

सगळ्यात जास्त खोळंबलो डीएनएवर संशोधन करणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिन यांच्यापाशी. ‘त्यांचं नोबेल हिरावलं’ ही ओळ खपली असती, पण ती खरी नाही. त्या १९५८ मध्ये गेल्या, डीएनएच्या रचनेसाठीचं नोबेल १९६२ चं, आणि ते मरणोत्तर देत नाहीत. अन्याय वेगळा होता : डीएनएचं ५१ क्रमांकाचं क्ष-किरण छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना, म्हणजे पुढे ते नोबेल मिळालेल्यांपैकी एकाला, दाखवलं गेलं. ते प्रत्यक्ष टिपलं होतं त्यांच्या हाताखालच्या रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने. एकीला श्रेय देताना दुसऱ्याचं गाळायचं, हे मला पटेना. तीनदा प्रूफ बदललं, गॉसलिंग यांचं नाव घेतलं, तेव्हाच फलक छपाईला गेला.

भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर, खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांचे फलक त्यामानाने लवकर झाले.

सध्या खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांचा फलक प्रुफात आहे. ताऱ्याच्या तेजाचा आणि त्याच्या चढउताराच्या कालावधीचा त्यांनी शोधलेला संबंध १९१२ च्या एका परिपत्रकात आला. खाली सही हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची. पण हे निवेदन मिस लेव्हिट यांनी तयार केलं आहे, असं त्याचं पहिलंच वाक्य सांगतं. ते वाक्य आम्ही फलकावर सर्वांत मोठ्या टायपात घेतलंय.