भुताचीच पुस्तकं का सुचवता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वाचनालयाच्या पायरीवर विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, परवा दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथेही विचारलंत. "बाई, आयुष्यभर गणित शिकवलंत, आणि आता ग्रंथनिवड समितीत बसून भुताचीच पुस्तकं का हो सुचवता?"

'भुताचीच' हे आधी खोडते. मार्चच्या खरेदीला मी चौदा पुस्तकं सुचवली होती, त्यातली भयकथांची पाच. उरलेल्या नवांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही.

दुसरं म्हणजे अंधश्रद्धा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा बुवाबाबांसाठी आहे, भयकथाकार नारायण धारपांसाठी नाही. वर्गणी भरून, घरी दिवा लावून जो भूत वाचतो, त्याला हे सगळं रचलेलं आहे हे पक्कं ठाऊक असतं. गंडेदोरे बांधणाऱ्याला ते ठाऊक नसतं. एवढा फरक मी सातवीच्या मुलांनाही समजावू शकले असते.

राहिलं 'नवीन कशाला, जुनं आहे की' हे. आमच्याकडे कुणी भयकथा मागितली की देवघेवीच्या टेबलामागचा हात आपसूक धारपांच्या कप्प्याकडे जातो, तिथे नसेल तर रत्नाकर मतकरींकडे. मला दोघंही प्रिय आहेत. पण धारप 2008 साली गेले आणि मतकरी 2020 साली. 'तुंबाड'मध्ये धारपांच्या कथेचा धागा आहे हे कळल्यावर, 2018 मध्ये आणि तो 2024 साली थिएटरात परत लागला तेव्हाही, कधी न फिरकलेली पोरं आत आली. त्यांच्या हातात आम्ही काय दिलं? तिसऱ्यांदा बाइंडिंग केलेल्या प्रती. त्यातल्या एका कादंबरीचं शेवटचं पान गेलंय. कुणा सभासदाने पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने शेवट लिहून ठेवलाय, आणि खरं सांगायचं तर तो फार वाईट नाही. पण पोरांनी 'यानंतरचं कोण लिहितं?' विचारल्यावर टेबलामागे शांतता. हृषीकेश गुप्त्यांचं नाव सांगायलाही मीच उठले. 'धनंजय' किंवा 'नवल'च्या दिवाळी अंकात एखादा नवा लेखक सापडतो, तर शिमग्यापर्यंत ते अंक सुतळीने बांधून माळ्यावर.

म्हणून मी यादी करायला लागले. पुस्तक वाचायचं, चार ओळी लिहायच्या, ग्रंथपालबाईंना द्यायच्या. त्यांना वाचायला वेळ कुठला? दाखल नोंदवही त्यांनी भरायची, तपासणीची कागदपत्रं त्यांची, पाणी आलं की मोटर लावायची तीही त्यांनीच, आणि पगार अनुदान येईल तेव्हा. त्या माझ्या चार ओळींवर विसंबायच्या. यात मला थोडा मानही वाटायचा, हे लपवत नाही.

आता ते सांगते, जे तुम्ही विचारत नाही.

एक कथासंग्रह आला होता. नाव सांगत नाही, पुस्तकाचा दोष नव्हता. वाडा नाही, पिंपळ नाही, आड नाही. त्यातल्या एका कथेत शेततळं होतं. तुम्ही पाहिलेलं असेल, खड्ड्याला आतून काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं. कोरडं असतानाही पाय ठरत नाही, मग ओलं झाल्यावर विचारूच नका. आत पडलेला पोहता येणारा माणूससुद्धा काठाला हात लावतो आणि हात परत खाली येतो. लेखकाने भूत असं दाखवलंच नव्हतं. फक्त पहाटे त्या प्लास्टिकच्या कागदावर आतून कुणीतरी नखं ओढल्याचा आवाज. मी रात्री दोनला पुस्तक मिटलं आणि सकाळी ग्रंथपालबाईंना सांगितलं, "नवी भयकथा म्हणजे काय ते यात बघा. शेततळ्याची कथा चुकवायची नाही, ज्याला त्याला द्या."

त्यांनी दिली. खालच्या आळीतल्या एक ताई दर शनिवारी यायच्या. मध्यंतरी दीड वर्ष आल्या नव्हत्या आणि नुकत्याच परत यायला लागल्या होत्या. "नवीन काय आलंय?" त्यांनी विचारलं. टेबलावर तेच पुस्तक होतं.

त्यांचा मुलगा शेततळ्यात गेला होता. नववीत होता. गावात हे माहीत नाही असं कोणी नाही. मलाही माहीत होतं, मी मातीला गेले होते. रात्री दोन वाजता ती कथा वाचताना तो मुलगा मला एकदाही आठवला नाही. आठवली ती लेखकाची करामत.

सोमवारी त्यांचे यजमान आले. ओरडले नाहीत. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे आमच्या घरी कुणी पाठवलं?"

पुढच्या बैठकीत विषय निघाला. अध्यक्षांनी ग्रंथपालबाईंना विचारलं, "तुम्ही पुस्तक बघून देत नाही का?" त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं, तेही क्षणभर. माझ्यासमोर पोह्यांची बशी होती. त्यातले शेंगदाणे मी एका बाजूला करत होते. आठ होते. चार शब्द पुरले असते, 'मी सांगितलं होतं द्यायला'. ते मी बोलले नाही. इतिवृत्तात 'ग्रंथपालांना समज देण्यात आली' असं वाक्य आलं, वही फिरत फिरत माझ्याकडे आली आणि मी सही केली. नावाखाली रेघ मारायची सवय आहे, ती रेघही मारली.

नंतर मी ग्रंथपालबाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. "राहू द्या मॅडम," म्हणाल्या आणि चहा टाकला. वहीतलं वाक्य आहे तसंच आहे. ताई पुन्हा आल्या नाहीत. अनामतही काढून नेलेली नाही. पुस्तक त्यांना खुपलं की यजमानांना, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

तेव्हापासून यादीत प्रत्येक पुस्तकापुढे एक रकाना आहे : आत काय आहे. मूल दगावतं. गळफास. बाळंतपण. पूर्वीची मी याला हसले असते. मिठाच्या बरणीवर 'खारट' लिहायचं का, असं एका शिबिरात मी ग्रंथपालांसमोर बोललेही होते आणि टाळ्या पडल्या होत्या. तो मुद्दा मला अजून पुरता चुकीचा वाटत नाही. आधी सांगितलं की अर्धी भीती जाते, हे खरंच आहे. आणि ग्रंथपालाने सभासदाचं घर डोक्यात ठेवून पुस्तक द्यायचं म्हटलं, तर उद्या विधवेला काय द्यायचं, कर्जबाजारी शेतकऱ्याला काय द्यायचं? मग टेबलावर पाककृतीच उरतील. तरी रकाना मी भरते.

या वर्षीच्या यादीत तो संग्रह परत घातलाय. ती प्रत समितीने बाद केली होती. पुढच्या रकान्यात लिहिलं, 'शेततळं, मुलगा'. ग्रंथपालबाईंनी बोट ठेवून वाचलं.

"घ्यायचं म्हणता?"

"घ्या."

त्यांनी ठरावाची वही काढली, पान उघडलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "मग या वेळी 'सुचवणार' म्हणून तुमचं नाव आधी लिहा."