आला की आणला?

स्मरणिका समितीनं दोन पानं मागितली आणि विषय दिला, 'शाळेनं मला काय दिलं'. खरं सांगायचं तर शाळेनं मला एक खोड दिली. वर्तमानपत्र वाचताना मी बातमीपेक्षा क्रियापदाशीच जास्त घुटमळतो. घरची मंडळी वैतागतात. ही खोड लागली १९७५ च्या दिवाळीनंतर, दहावीच्या वर्गात, युरोपातल्या हुकूमशाहीच्या धड्यावर.

इतिहासाचे आमचे सर मराठी व्याकरणही शिकवत. शिक्षक कमी होते, इलाज नव्हता. त्यामुळे दोन्ही विषयांची सरमिसळ व्हायची. कुणीतरी उभं राहून उत्तर दिलं, "१९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला." सर खडू टेबलावर ठेवून म्हणाले, "आला? की आणला? आणला असेल तर कर्ता कोण?"

आम्ही गप्प. मग सरांनी त्या ऑक्टोबरची हकीकत सांगितली. 'रोमवर चाल' हे नाव ऐकून आमच्या डोळ्यांपुढे घोडदळ, तटबंदी, निदान तोफा तरी आल्या होत्या. प्रत्यक्षात रोमबाहेर मुसोलिनीचे काळे सदरेवाले हजारोंच्या संख्येनं पावसात भिजत होते. बऱ्याच जणांच्या हाती नुसते सोटे. शहरात सैन्य तयार होतं. पंतप्रधान फाक्ता याच्या मंत्रिमंडळानं लष्करी कायद्याचा हुकूम लिहून ठेवला होता, फक्त राजाची सही हवी होती. २८ ऑक्टोबरच्या सकाळी राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल यानं ती सही केली नाही. लोकसभेत मुसोलिनीच्या पक्षाचे जेमतेम ३५ लोक, आणि राजानं सरकार बनवायला बोलावलं त्यालाच. तो त्या वेळी मिलानमध्ये होता. तिथून रात्रीच्या गाडीत, झोपायच्या डब्यातून, तो रोमला आला.

आता झोपायचा डबा म्हणजे काय, हे समजावण्यात सरांची पाच मिनिटं गेली. कोकण रेल्वे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती आणि वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी आगगाडीच पाहिली नव्हती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण राजा भियालो कित्याक?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "यादवी होईल म्हणून भ्याला असेल, गादी जाईल म्हणून भ्याला असेल, किंवा कामगारांच्या संपांपेक्षा हे सोटेवाले बरे असं त्याला वाटलं असेल. पण कर्ता सापडला ना? मग लिही."

जर्मनीला मात्र सरांनी चांगले चार तास दिले. फळ्यावर चार आकडे: १२, १०७, २३०, १९६. हिटलरच्या नाझी पक्षाच्या संसदेतल्या जागा. १९२८ मध्ये १२ होत्या. मंदी आली, कारखाने बंद पडले आणि १९३० मध्ये १०७ झाल्या. १९३२ मध्ये बेकार साठ लाखांच्या घरात गेले आणि त्या जुलैत जागा झाल्या २३०. शेवटच्या आकड्याखाली सरांनी दोन रेघा ओढल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली आणि ३४ जागा घटल्या. म्हणजे माणूस उतरणीला लागला होता. बहुमत तर त्याला कधीच नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच, ३० जानेवारी १९३३ ला, ८५ वर्षांच्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं त्याला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, नेमलं. मध्यस्थ होता माजी चॅन्सेलर फॉन पापेन. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, बाकी सगळे आपल्या मताचे जुने खानदानी लोक, तेव्हा हा आपल्या मुठीत राहील, असा पापेनचा हिशेब. "बैल भाड्यानं आणला म्हणे," सर म्हणाले, "आणि सहा महिन्यांत गोठा बैलाच्या नावावर."

सहा महिनेसुद्धा धरून चालायला नको. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळली, दुसऱ्या दिवशी वटहुकूम निघाला आणि भाषण, वर्तमानपत्र, सभा, घराची झडती, सगळ्याचं संरक्षण गेलं. २३ मार्चला, इमारत जळल्यामुळे एका ऑपेरागृहात भरलेल्या संसदेत, सरकारला संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार देणारं विधेयक आलं. कम्युनिस्टांचे ८१ जण निवडून आले होते, पण सभागृहात एकही नाही; कुणी कोठडीत, कुणी परागंदा. भिंतीलगत गणवेशातले नाझी उभे. बाजूनं ४४४, विरुद्ध ९४. ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांचा नेता ओटो वेल्स उभा राहून म्हणाला, आमचं स्वातंत्र्य आणि आमचे प्राण तुम्ही घेऊ शकाल, आमची अब्रू नाही. सरांनी त्या ९४ जणांपेक्षा ४४४ जणांवर जास्त वेळ घालवला, याचं मला तेव्हा नवल वाटलं. "ह्यातले बरेच नाझी नव्हते," ते पुन्हा पुन्हा सांगत. "कॅथलिकांचा सेंटर पक्ष होता, आणखी लहानसहान पक्ष होते. त्यांनी हात वर केला नसता तर दोनतृतीयांश जुळलं नसतं."

देशात तेव्हा आणीबाणी होती. सरांनी वर्गात तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही. खरं तर आम्हाला सुचलंच नाही.

हिटलर-मुसोलिनी आमच्यासाठी दूरचे होते, पण पोर्तुगालचा सालाझार शेजारचा. शाळेपासून गोव्याची हद्द सायकलच्या टप्प्यात. १५ ऑगस्ट १९५५ ला पात्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा सर तरुण होते आणि बांद्यात होते. परत आणलेले जखमी त्यांनी पाहिले होते. त्याविषयी ते फार बोलत नसत. सालाझारवर मात्र बोलत. हिटलर आणि सालाझार दोघेही एप्रिल १८८९ चे, जन्मात आठ दिवसांचं अंतर. पण सालाझारला ना आरडाओरडा, ना मिरवणुकांचा सोस. तो कोइंब्राच्या विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२६ मध्ये सेनापतींनी बंड करून सत्ता घेतली, पण तिजोरीचा मेळ जमेना, म्हणून त्याला बोलावलं. हवे तेवढे अधिकार मिळेनात म्हणून तो थोड्याच दिवसांत परत गेला. १९२८ मध्ये पुन्हा बोलावलं, तेव्हा प्रत्येक खात्याच्या खर्चावर माझा शब्द शेवटचा, ही अट मान्य करून घेऊनच आला. १९३२ मध्ये पंतप्रधान झाला तो १९६८ पर्यंत. त्याच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. म्हापशाला १९५४ मध्ये एका मेजवानीत कुणी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं भाषण केलं, तर डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी 'मी निषेध करतो' एवढंच म्हटलं. त्यांना अटक करून थेट पोर्तुगालला नेलं. "तीन शब्दांची किंमत," सर म्हणाले, आणि बोटांवर मोजून दाखवले.

सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले होते. मुक्तिसंग्रामात पकडले गेले. १९६१ ला गोवा मोकळा झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच, सुटले १९६९ च्या जानेवारीत. आपल्यासारखाच एक मास्तर, म्हणून सरांना त्यांचा विशेष अभिमान.

स्पेनचा फ्रँको धड्यात सगळ्यात शेवटी होता. आम्ही तिथवर पोचलो आणि त्याच आठवड्यात, २० नोव्हेंबरला, तो माद्रिदमध्ये मेला. पुस्तकातला माणूस रेडिओच्या बातम्यांत मरतो, हे आम्हाला अजब वाटलं. दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. आम्ही आता तयार होतो. १९३६ मध्ये मोरोक्कोत अडकलेलं त्याचं सैन्य हिटलरच्या विमानांनी स्पेनमध्ये पोचवलं होतं, तेव्हा एकीनं झटकन उत्तर दिलं, "आणला, सर! इमानान!" सर त्या वर्षात पहिल्यांदा मोकळे हसले. मग म्हणाले, "बरं गो. आता दुसरं सांग. गेला की घालवला?"

मुसोलिनीला १९४३ मध्ये घालवला, आणि तोही त्याच सही न करणाऱ्या राजानं. हिटलरला घालवायला सगळं जग लागलं. सालाझारला पक्षाघातानं खुर्चीवरून उठवलं. तो मेल्यावर चार वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ ला, त्याची राजवट लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी घालवली. फ्रँको मात्र ३६ वर्षं राज्य करून बिछान्यात गेला. "गेला," आम्ही म्हणालो. सरांनी फळा पुसला.

दहावी झाल्यावर मी सावंतवाडीला कॉलेजात गेलो. १९७७ च्या मार्चअखेरीस, निवडणुकीचे निकाल लागल्यावर आठवडाभरानं, सर एसटी स्टँडवर दिसले. हातात छत्री, पिशवीत केळी. मी वाकून नमस्कार केला. अभ्यासाची चौकशी झाली, घरची झाली. बांद्याची गाडी लागली तसे ते चढले, खिडकीशी बसले आणि काच सरकवून बाहेर डोकावले.

"काय रे, आणीबाणी गेली की घालवली?"

मी तोंड उघडेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली.