ड्रायव्हरचा बीपी: मोजायचा कसा, गोळी घ्यायची कधी

बीपी वाढलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा एकच सांगतो, "मला काहीच होत नाही." त्याचं म्हणणं खरंच असतं. 150/95 बीपी घेऊन माणूस वर्षानुवर्षं गाडी हाकतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मेंदूतल्या, किडनीतल्या आणि डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर तेवढा काळ मार बसत राहतो. व्यावसायिक परवाना दर 5 वर्षांनी नवा करायचा आणि मेडिकल सर्टिफिकेटही तेव्हाच काढायचं. त्या एका दिवशी आकडा बरा निघाला म्हणून पुढची 5 वर्षं निर्धास्त राहू नका. आणि तपासणीच्या सकाळी दोन-दोन गोळ्या घेऊन जाऊ नका. दाब एकदम उतरला तर केबिनमधून खाली पाय टाकताना भोवळ येते.

आधी मोजायचं नीट शिकून घ्या. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरून गाडी लावली आणि लगेच बीपीच्या यंत्राचा पट्टा दंडाला बांधला, तर तो आकडा घाटाचा असतो, तुमचा नव्हे. चहा, तंबाखू, सिगारेट यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून या. तुंबलेल्या लघवीने आकडा चढतो आणि लाईनवर ती तुंबलेलीच असते. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून 5 मिनिटं गप्प बसा, फोनही नको. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. हात छातीच्या उंचीला टेकलेला हवा, तो मांडीवर लोंबत राहिला तर आकडा जास्त येतो. केबिनमध्येच मोजायचं असेल तर इंजिन बंद करून क्लीनरच्या सीटवर बसा आणि हाताखाली घडी केलेलं ब्लँकेट घ्या.

पट्ट्याच्या मापाकडे सहसा कोणी बघत नाही. यंत्रासोबत येणारा साधा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर दंडासाठी असतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेप लावून बघा. दंड 32 च्या वर गेला असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो, कारण अपुरा पट्टा बीपी खोटाच वाढवून दाखवतो. मनगटावरचं यंत्र घेऊ नका. आणि दंडाचं यंत्र डॅशबोर्डवर ठेवू नका. ही यंत्रं साधारण 10 ते 40 अंश तापमानात वापरायची असतात; मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत पारा त्याच्या कितीतरी पुढे जातो.

सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा. रात्रपाळी असेल तर "सकाळ" म्हणजे तुमची झोप झाल्यानंतरची वेळ. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर बीपी आहे असं धरायचं. दवाखान्यात हीच रेषा 140/90 ची असते. डॉक्टरांपुढे एका आकड्यापेक्षा ही वही ठेवलेली केव्हाही बरी.

गोळ्यांपैकी ड्रायव्हरला सगळ्यात जास्त नडते ती लघवी वाढवणारी: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन. बऱ्याच जोडगोळ्यांत ती असते, नावापुढे "एच" किंवा "सीटी" दिसतं. घेतल्यावर पुढचे काही तास लघवी जास्त होते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. हायवेवर थांबायला जागा नाही म्हणून ड्रायव्हर आधी पाणी तोडतो, मग गोळी तोडतो. दोन्ही वाईट. डॉक्टरांना ड्युटीची वेळ सांगा आणि गोळीची वेळ बदलून घ्या. ड्युटीच्या वेळा दर आठवड्याला फिरत असतील तर ही गोळी नसलेला पर्याय आहे का ते विचारा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा पाणी फार कमी पडलं, तर ही गोळी आणि टेल्मिसार्टन (बीपीचीच दुसरी एक गोळी) चालू ठेवायचं का, हे फोन करून विचारा. सुकलेल्या शरीरात या दोन्हींचा भार किडनीवर पडतो.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते, आणि दिवसभर पाय लोंबते असले की ती जास्त दिसते. सूज आली म्हणून परस्पर गोळी सोडू नका, बदलून मिळते. क्लोनिडिनने झोप येते. ती लिहून दिली असेल तर मी गाडी चालवतो हे आवर्जून सांगा. ती एकदम बंद केली तर दाब उसळतो. कोणतीही नवी गोळी सुट्टीच्या दिवशी सुरू केलेली बरी. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. गोळ्या डेपोतल्या लॉकरमध्ये ठेवून मुक्कामी गाडीवर गेलात की खाडा ठरलेलाच, म्हणून एक पट्टी डब्याच्या पिशवीत कायम असू द्या.

कंबरदुखीवर मेडिकलमधून घेतलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज पोटात जात असेल, तर बीपीची गोळी हतबल होते. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिनही दाब चढवतं, आणि त्याच गोळीतलं दुसरं औषध गुंगी आणतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. ढाब्यावर लोणचं, पापड आणि ताकात वरून घातलेलं मीठ एवढं सोडलं तरी बराच फरक पडतो. सैंधव मिठानेही दाब तसाच वाढतो. पोटॅशियमचं "लो सोडियम" मीठ टेल्मिसार्टनवर असणाऱ्यांनी न विचारता घेऊ नये.

दोन-तीन गोळ्या घेऊनही आकडा हटत नसेल तर घरच्यांना विचारा, मी घोरताना मधेच श्वास थांबतो का? झोपेतल्या या श्वासबंदीने बीपीही अडून राहतो आणि दिवसा स्टिअरिंगवर डुलकीही लागते. याची तपासणी करून घ्या, पुढे ढकलू नका. आणि विश्रांतीही हवी: 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. विश्रांती मागताना कचरू नका.

आकडा 180/120 किंवा त्याच्या पुढे दिसला तर 5 मिनिटं बसून पुन्हा मोजा. तसाच असेल तर गाडी दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका हातातली शक्ती जाणं किंवा दिसेनासं होणं यातलं काहीही असेल, तर गाडी कडेला घ्या, इंडिकेटर लावा, 108 ला फोन करा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. दाब इतका झपाट्याने पडतो की मेंदूला किंवा हृदयाला रक्तच पुरत नाही.